पंच क्रमांक दोन

नळाला नवव्या दिवशी पाणी आलं होतं. मी ओट्यावर पाइप धरून उभा होतो आणि आत उषा एकेक भांडं लावत होती. अशा वेळी जालन्यात, मस्तगडच्या आमच्या गल्लीत कुणी कुणाशी बोलत नाही, ज्याचं त्याचं लक्ष आपल्या धारेकडे असतं. त्यामुळे पोलिसाची मोटरसायकल दाराशी थांबलेली मला कळलीच नाही. "तातेराव तुम्हीच का?" त्यानं विचारलं, आणि मी "हो" म्हणालो ते कबुली दिल्यासारखं. त्यानं एक कागद माझ्या हातात दिला, दुसऱ्यावर सही मागितली. मी पाइप खाली ठेवला आणि ओल्या हातानं सही केली. काय लिहिलंय ते वाचलं नाही. चौतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलेला मी माणूस, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा शेवटपर्यंत वाचतो. पण समोर कुणी पेन पुढं करून उभं राहिलं की त्याला ताटकळत ठेवायची मला लाज वाटते. आयुष्यातल्या बहुतेक सह्या मी अशाच केल्या असाव्यात. "सर, पाणी चाललं," समोरच्या ओट्यावरून कुणीतरी म्हणालं. पाणी पायरीवरून गटारीत उतरलं होतं. मी पाइप उचलला, तो हौदात सोडला, आणि मग कागद उघडला. समन्स होतं. तलावावरच्या त्या केसमध्ये पंच क्रमांक दोन म्हणून येत्या बुधवारी साडेदहाला मला जिल्हा कोर्टात साक्षीला हजर व्हायचं होतं. आरोपी पाच. चौथं नाव आकांक्षाचं, माझ्या चुलतभावाच्या, रामरावच्या नातीचं. "काय आलं हो?" उषानं आतून विचारलं. "मतदार यादीचं काहीतरी," मी म्हणालो. इतकं सहज खोटं मी याआधी कधी बोललो होतो ते आठवेना. पाणी अजून अर्धा तास येणार होतं आणि तो अर्धा तास मी हौदाकडे बघत उभा राहिलो, भरतोय की नाही ते मात्र मला दिसत नव्हतं.

दोन वर्षं मी असं धरून चाललो होतो की तो पंचनाम्याचा कागद कुठंतरी गठ्ठ्यात बांधला गेला. ग्रंथालयात असताना मला माहीत होतं, एकदा पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं की ते हरवल्यासारखंच असतं, असतं तिथंच, पण मागणारा रिकाम्या हातानं परत जातो. सरकारी कपाटं तर किती. पण कुणीतरी तो शोधून काढला होता. आणि त्यातला मजकूर माझ्या अक्षरात होता. हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, हवालदाराला ठाऊक होतं. त्या मजकुराच्या आधी मी काय बोललो, ते मात्र मला वाटतं मला एकट्यालाच ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी गावी, धावड्याला गेलो होतो, चुलतीच्या दहाव्याला. दहावा झाल्यावर परतायला हवं होतं, पण रामराव राहा म्हणाला आणि मला नाही म्हणता आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा पोलिसांची जीप आली. गावाच्या वरच्या अंगाच्या तलावात उरलेलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवायचा हुकूम झाला होता. तालुक्याच्या गावाला आणि तीसेक खेड्यांच्या टँकरना तेच पाणी जायचं. शेतीचा उपसा बंद, काठावरच्या मोटारी जप्त. जप्तीला दोन पंच लागतात आणि गावातला एकही माणूस पंच व्हायला तयार नव्हता. पहिला पंच त्यांनी ग्रामपंचायतीचा शिपाई अप्पाराव याला केलं, त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती. दुसरा मी. हवालदार मच्छिंद्र माझ्या हातातल्या पेपरकडे बघून म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेले दिसता. दहा मिनटाचं काम हाय." मी कधीच शिकवलं नाही, मी पुस्तकं दिली आणि घेतली, तरी लोक मला सर म्हणत आले, त्या हाकेला ओ देताना दर वेळी थोडं फसवल्यासारखं वाटतं. मी चष्मा पुसला आणि जीपमध्ये बसलो.

तलाव असा मी आधी कधी पाहिला नव्हता. पाणी मधोमध आक्रसलं होतं आणि भोवती भेगाळलेला गाळ. काठापासून त्या पाण्यापर्यंत काळे पाइप लोळत गेलेले. तलावाच्या भिंतीवर बाभळीखाली राज्य राखीव दलाचे जवान प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते, रायफली मांडीवर, आणि त्यांच्या प्यायच्या पाण्याचा जार शहरातून आलेला होता. दोनशे मीटरच्या आत पाचाहून जास्त माणसं जमायची नाहीत अशी पाटी होती. पाण्याला बंदोबस्त ही गोष्ट मी पेपरात वाचली होती. प्रत्यक्षात ती फार शांत दिसत होती. पलीकडच्या काठावर टँकर भरत होता, त्याचा एकसुरी आवाज येत होता. मच्छिंद्रनं माझ्या मांडीवर पॅड ठेवलं. "अक्षर चांगलं असन तुमचं. मी सांगतो, तुम्ही लिहा." मी जीपच्या सावलीत बसून लिहू लागलो. मोटार क्रमांक एक, अश्वशक्ती पाच, अमुक यांच्या ताब्यातील. वायरमन सुमित, पंचविशीचा सडपातळ पोरगा, केबल कापत पुढं चालला होता. चांगल्या कागदावर चांगल्या अक्षरात नोंदी करायला मिळून मला बारा वर्षं झाली होती. मला ते आवडलं, हे मी आज स्वतःशी कबूल करतो. दोन मोठे पाइप पुढाऱ्याच्या शेततळ्याकडे गेले होते, ते यादीत नव्हते. माझ्या लक्षात आलं होतं. कुणी सांगितलं नाही म्हणून मी लिहिलं नाही. रामरावची मोटार अकरावी होती. त्याच्या मोसंबीला बारा वर्षं झाली होती, तेही मला ठाऊक होतं, आणि मी 'अकरा' हा आकडा वळणदार काढला.

मग आरडाओरडा झाला. मी मान वर केली तेव्हा लोक भिंतीवरून उतरत होते, बाया पुढं, पोरं मागं. मी मान परत खाली घातली, कारण ओळ अर्धी राहिली होती. पुन्हा वर पाहिलं तेव्हा सुमित खाली बसला होता आणि त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं. माणसं पळत होती. त्यांच्यात एक पिवळी ओढणी होती. "ती कोण हो, पिवळ्या ओढणीची?" मच्छिंद्रनं विचारलं. आणि मी म्हणालो, "ती आमच्या रामरावाची नात, आकांक्षा."

इतकंच. या दोन वर्षांत मी ते वाक्य किती वेळा उलटसुलट करून पाहिलं असेल. त्यात आवाज कसा होता हे मला पक्कं आठवतं: त्यात समाधान होतं. मी बाराव्या वर्षी गाव सोडून जालन्याला शिकायला आलो. सुटीत गेलो की पारावरचे म्हातारे डोळ्यांवर हात धरून विचारायचे, "कोनाचा रं तू?" आणि मी बापाचं नाव सांगायचो तेव्हा कानशिलं तापायची. ज्याला विचारावं लागतं तो बाहेरचा. तसाच मी बाहेरचा होत गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा गावातल्या माणसाबद्दल कुणीतरी मला विचारलं होतं, आणि मला उत्तर येत होतं. कुणी अनोळखी माणूस दिसला की तो कुणाचा हे सांगायचं, ही तर आपल्याकडची रीतच. त्या क्षणी मला दगड आठवला नाही, रक्त आठवलं नाही, फक्त नातं आठवलं. मच्छिंद्रनं ते तोंडात घोळवलं. "आता लिहा: सदर आकांक्षा हिने..." आणि अडखळला. "कसं लिहावं हो सर?" तेव्हा मी सांगितलं. म्हणजे लिहिलंच. 'जप्तीची कारवाई सुरू असताना सदर आकांक्षा हिने गर्दीतून पुढे येऊन आम्हा पंचांसमक्ष हातातील दगड वायरमन यांच्या दिशेने भिरकावला.' भिरकावला हा शब्द मच्छिंद्रला फार आवडला. दिवस गेले तसा मला तो हात दिसायला लागला. कोपरातून मागं गेलेला, मग पुढं आलेला, बांगडी मनगटावरून घसरलेली. हे मी पाहिलं की माझ्या वाक्यानं मला दाखवलं, हे आता मला सांगता येत नाही. पुस्तकातली माणसं अशीच दिसतात, आयुष्यभर मी ती पाहत आलो.

मंगळवारी संध्याकाळी रामराव आकांक्षाला घेऊन मुक्कामी आला. तारीख सगळ्यांचीच होती. उषाला आता समन्सचं कळलं होतं. ती मतदार यादीबद्दल काही बोलली नाही, फक्त पाणी देताना तांब्या माझ्यासमोर जरा जोरात ठेवला. रामराव माझ्याहून वर्षानं मोठा, पण अंगानं अजून ताठ. "तू पंच हाईस ते एक बरं झालं, तात्या," तो म्हणाला. "आपला मानूस. वकीलबाई म्हनल्या, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या म्हनून सांग. बस."

"अक्षर माझं आहे," मी म्हणालो.

"असू दे की. मंग धाक दाखवून लिहून घेतलं म्हन. पोलिसाला धाक दाखवायला येत न्हाई असं कोन म्हनन?"

मच्छिंद्र मला त्या दिवशी स्वतःच्या बाटलीतलं पाणी देत होता, ते मी बोललो नाही. आकांक्षा भिंतीला टेकून बसली होती. सत्तावीस वर्षांची झाली असेल. पोलीस भरतीची तयारी करत होती, दुसऱ्यांदा. गेल्या वेळी मैदानी परीक्षेत पास झाली आणि चारित्र्य पडताळणीत ही केस निघाली. "आठशे मीटर तीन मिनिटाच्या आत काढून राह्यली," रामराव म्हणाला, "आन् गोळा तर इचारू नको. पोरांच्या पुढं टाकती." उषा हसली. मी नाही हसलो. मला तिच्या उजव्या दंडाकडे बघायचं नव्हतं आणि तिथंच नजर जात होती. ती म्हणाली, "आजोबा, वयाची अट संपायलीय माझी. पुढची भरती शेवटची." एवढंच, मागितल्यासारखं सुद्धा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"नाव कोन घातलं ते मला ठाऊक हाय," रामराव जेवताना म्हणाला. "अप्पारावनं. त्याच्याबिगर पोलिसाला काय सपान पडलं का ही कोनाची पोर ते? मी त्याच दिवशी त्याच्या घरचं पानी बंद केलं." रामरावच्या बोअरला बारा महिने पाणी असतं, अप्पारावच्या वस्तीला जवळ तेच. "बंद म्हणजे?" मी विचारलं. "बंद म्हंजी बंद. त्याची बायको बेबीनंदा आता खालच्या हातपंपावर जाती. चांगलं दीड मैल. जावू दे. दोन वरीस झाले." मग माझ्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "जातीचं काढू नको हं तात्या. तुझे ते पुस्तकं मला ठाऊक हाईत. त्यानं नाव घेतलं म्हनून बंद केलं. दुसऱ्या कुनी घेतलं असतं तरी बंद केलं असतं." "दुसऱ्या कुणी," मी म्हणालो. "कुनी बी," रामराव म्हणाला आणि भाकरी मोडली.

त्या वेळी सांगता आलं असतं. समोर ताट होतं, दोन्ही माणसं माझी होती, वाक्य तीन शब्दांचं होतं. मला आमच्या शाळेतलं लोखंडी कपाट आठवलं, त्यात वरच्या फळीवर सगळी परिवर्तनाची पुस्तकं असायची, तळ्यांची, सत्याग्रहांची, पाण्याला हात लावायच्या हक्काची. मी त्या प्रत्येकाला स्वतःच्या हातानं खाकी कव्हर घातलं होतं. प्रत्येक पुस्तक वाचलं होतं. एप्रिलमध्ये त्यांचं प्रदर्शन मांडायचो आणि मुलांना सांगायचो, जपून हाताळा. तिकडे दोन उन्हाळे एक बाई डोक्यावर हंडा घेऊन दीड मैल चालत होती, माझ्या एका वाक्यापायी, आणि ते मला कळू नये याची मी पुरेशी काळजी घेतली होती. दोन वर्षांत धावड्याला फिरकलोच नव्हतो. गुडघ्याचं कारण सांगायचो. "भात वाढू का?" उषानं विचारलं. मी हो म्हणालो आणि तो सगळा भात जेवलो.

बुधवारी कोर्टात बाकावर अप्पाराव आधीच येऊन बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नवी चप्पल. "जय भीम, सर," तो म्हणाला. मी "जय भीम" म्हणालो. रामराव पाठ फिरवून उभा राहिला. मच्छिंद्र लांबून आला, त्याची आता बदली झाली होती, थोडा सुटला होता. "सर, काई न्हाई, सही माझी हाय आन् मजकूर बराबर हाय, दोनच वाक्यं," माझ्या कानाशी म्हणाला आणि निघून गेला. पलीकडच्या बाकावर सुमित बसला होता. डाव्या भुवईतून गेलेली पांढरी खूण मला इथूनही दिसत होती. त्याच्याबद्दल दोन वर्षांत मी जवळपास विचारच केला नव्हता. दगड कुणीतरी मारला होता. तो हवेतून आपोआप आला नव्हता. मी कुणाच्या बाजूनं काय बोललो म्हणजे या पोराचं काही होईल, हे मला कळेना. पाच माणसांच्या पाच गरजा होत्या आणि माझ्याकडे एकच तोंड होतं, तेही कधी नीट न चाललेलं. अप्पारावला आत बोलावलं. पाच मिनिटांत तो बाहेर आला, कपाळ पुसत. मग माझं नाव पुकारलं, आधी चुकीचं, मग बरोबर.

मी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी कागद समोर धरला. माझं अक्षर बघून मला क्षणभर बरंच वाटलं, काय माणूस असतो. "हे अक्षर तुमचं?" "हो." "ही सही तुमची?" "हो." "मजकूर खरा आहे?" त्यांनी हा प्रश्न पान उलटता उलटता विचारला, उत्तर ठरलेलं असल्यासारखा. मी म्हणालो, "मोटारींचा खरा आहे." न्यायाधीशांनी मान वर केली. "आणि बाकीचा?" मी म्हणालो, "दगड कुणी मारला ते मी पाहिलं नाही. मी त्या वेळी लिहीत होतो." मागं कुठंतरी रामरावनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. एवढ्यावर थांबता आलं असतं. वकीलबाईंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलंसुद्धा. सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली आणि मग त्यांचा आवाज बदलला. "आरोपी तुमची नात लागते?" "हो, चुलत." "म्हणून आता खोटं बोलताय." "नाही." "मग हे नाव या पंचनाम्यात कुणी घातलं? पोलिसांनी? पंच क्रमांक एकनं?" वकील पुढं अप्पारावचं नाव घेणार होते की नाही, मला माहीत नाही, पण 'पंच क्रमांक एक' हे शब्द ऐकल्यावर माझं तोंड आपोआप उघडलं, जसं त्या दिवशी उघडलं होतं तसंच. "मी," मी म्हणालो. "हवालदारांनी विचारलं ती पिवळ्या ओढणीची कोण, मी नाव सांगितलं. ती पळत होती, इतर पळत होते तशीच. दगडाचं वाक्य मी रचलं. कुणी धाक दाखवला नाही. कोरा कागद नव्हता." वकीलबाईंनी डोळे मिटले. न्यायाधीश टंकलेखकाला सांगत होते, आणि माझं बोलणं त्यांच्या भाषेत, एकेक वाक्य तोडून, यंत्रात जात होतं. मला ते ऐकताना वाटलं, हेही आता कुणाला तरी दिसायला लागेल.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "पोरीचं काम झालं बहुतेक. तुमच्यावर मात्र काही निघू शकतं, सर." मी मान हलवली. मच्छिंद्र माझ्याकडे न बघता जिना उतरून गेला. सुमित अजून आतच होता. रामराव फाटकाजवळ लिंबाखाली उभा होता आणि मी जवळ येतोय हे बघून त्यानं दोन पावलं लांब घेतली. आकांक्षा मात्र आली. "आजोबा, नाव कशाला सांगितलं तुम्ही?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि ते सोसवेना. मी बरीच उत्तरं तयार ठेवली होती, दोन वर्षांची. "तू ओळखू आलीस," मी म्हणालो. दगडाबद्दल मी तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. मग ती रामरावकडे गेली.

मी बाकावर बसलो. अप्पाराव शेजारी येऊन बसला, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. "दारात उभा राहून ऐकलं. तुम्ही सांगितलं हे चांगलं केलं, सर," तो म्हणाला. मी म्हणालो, "अप्पाराव, मला काल कळलं. पाण्याचं." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "मला तर त्याच दिवशी कळलं होतं. मी जीपच्या मागंच उभा होतो, मोजायचा टेप धरून. तुम्ही नाव घेतलं ते ऐकलं मी." मी विचारलं, "मग रामरावला सांगितलं का नाहीस?" "काय सांगायचं? तुमच्या भावानंच नाव घेतलं म्हनून? पानी तर गेल्तंच. वरून खोटा बी ठरलो असतो." तो नव्या चपलेचा पट्टा सैल करत होता. "बायको म्हनली, सरला जाऊन इचार. मी म्हनलं, काय इचारू? सर हो म्हनले तर बरं, आन् न्हाई म्हनले तर? मंग कुठं जायचं?"

मला त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. मी त्या वेळी हो म्हणालो असतो की नाही, एवढंच सांगायचं होतं. मी आठवून पाहिलं, स्वतःला धावड्याच्या त्या ओसरीवर बसवून पाहिलं, समोर अप्पारावला उभं केलं, रामरावलाही. काही दिसेना. इतकी वर्षं न पाहिलेलं सगळं मला स्वच्छ दिसत आलं, आणि हे एक दिसेना.

रामराव लिंबाखालून आला. माझ्यासमोर थांबला नाही. अप्पारावच्या समोर उभा राहिला आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे कोर्टाच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "उद्यापासून बाईला पाठव पान्याला. पाइप बी देतो जोडून."

अप्पाराव उठला. शर्टाची घडी नीट केली.

"इचारून बघतो तिला," तो म्हणाला.